साम्राज्यं बुडवणारे मामेसासरे

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात जितकी साम्राज्यं बुडवली, तितकी हूण, मंगोल आणि इंग्रज यांना मिळूनही जमली नसतील. आणि तीही कुठे, तर दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये, वेताच्या खुर्चीत मांडी घालून, बशीतला चहा फुंकत. रविवारी सकाळी आम्ही लक्ष्मीबाई नगरहून त्यांच्याकडे पोचायचो तेव्हा रोम अजून उभं असायचं. पोहे येईपर्यंत त्याच्या सरहद्दी ढिल्या पडलेल्या असत आणि दुसऱ्या चहापर्यंत तिथे गुडघाभर गवत उगवलेलं असे. लोक त्यांना चक्रम म्हणत. म्हणोत बापडे. ज्यांना लोक शहाणे म्हणत, त्यांतले पुष्कळजण ऐन वेळी खुर्चीखाली काहीतरी पडल्यासारखे वाकून बसलेले मी पाहिले आहेत. हा चक्रम माणूस मी उभा राहिलेला पाहिला. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. शिक्षण कॉमर्सचं, इतिहासाशी संबंध शाळेत नापास होता होता राहिल्याइतकाच. पण स्वातंत्र्यानंतर दोनचार वर्षांत नोकरीसाठी सांगलीहून दिल्लीला आले आणि रोज बसच्या खिडकीतून घुमट, पडके दरवाजे आणि अर्धवट भिंती बघत ऑफिसला जाऊ लागले. ते म्हणत की आपली बस एका मेलेल्या राज्यातून सुटते, दोन मेलेल्या राज्यांत थांबते आणि चौथ्यात पोचवते. असल्या गावात राहून माणसाला हे सगळे मेले कशाने असा प्रश्न पडत नसेल, तर त्याची नाडी बघायला हवी. त्यांना तो पडला आणि मग सुटलाच नाही. महिन्याकाठी मामी करोल बागेत कापड घ्यायला जात, तेव्हा मामा बाहेर फुटपाथवरच्या रद्दीत उकिडवे बसून जुनी इंग्रजी पुस्तकं उपसत. मामी दुकानातून बाहेर येत तेव्हा त्यांच्या हातात ब्लाउजपीस असे आणि मामांच्या हातात एखादं बुडालेलं राज्य. बसमध्ये दोघं आपापली खरेदी मांडीवर घेऊन बसत आणि एकमेकांची खरेदी किती अनावश्यक आहे यावर घरापर्यंत बोलत.

मामी हा मामांच्या इतिहासातला एकमेव विरोधी पक्ष. मामांनी कार्थेज म्हटलं की स्वयंपाकघरातून मामी विचारत, तिथे रॉकेल मिळत होतं का ते आधी सांगा. मामांनी बॅबिलोन म्हटलं की मामी म्हणत, बॅबिलोन राहू द्या, बाथरूम बघा. आणि बाथरूम बघण्यासारखंच होतं. तिथला नळ सतत गळायचा. कॉलनीच्या इन्क्वायरीत, म्हणजे जिथे सरकारी क्वार्टरांच्या दुरुस्तीची तक्रार नोंदवायची त्या खिडकीवर, मामा जातीने जायचे. दुसरा कुणी असता तर ‘नल टपक रहा है’ एवढं सांगून आला असता. मामा खिडकीतल्या बाबूला सांगायचे की भाईसाहब, सुमेर देशात शेतात पाणी मुरत राहिलं, ते कुणी मनावर घेतलं नाही, जमिनीतलं मीठ वर आलं, गहू गेला, मग शहरं गेली. तो बाबू पंजाबकडचा, मोठा सभ्य माणूस. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, ‘अच्छा साब, वॉशर लगेगा या पूरी टोंटी?’ मामांना तो माणूस फार आवडे. ते म्हणत, सुमेरमध्ये असा एक माणूस असता तर गोष्ट वेगळी झाली असती. नळ मात्र गळतच राहिला, कारण त्या दोघांचं बोलणं इतकं रंगायचं की तक्रार लिहायची राहून जायची.

दूधवाल्याशी त्यांचं असंच. दुधात पाणी वाढलं की मामा त्याला रोमच्या चांदीच्या नाण्याची कथा सांगत. एकेक सम्राट येई, नाण्यातली चांदी थोडी कमी करी, वरचा छाप तसाच ठेवी. शेवटी छाप उरला आणि चांदी गेली. दूधवाला मान डोलवून म्हणे की बाबूजी, हमारी भैंस तो वही है. पण दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच जरा दाट येई. मामी म्हणायच्या, तुमच्या रोमने आयुष्यात हे एक काम केलं.

दिल्लीतल्या मराठी नोकरदाराचं एकच स्वप्न असतं, बदली महाराष्ट्रात व्हावी. आमच्याकडे चार मराठी माणसं जमली की याच विषयावर येत. मामा अशा वेळी शांतपणे सांगत की दिल्लीच्या अख्ख्या सचिवालयाची महाराष्ट्रात बदली करणारा एकच राज्यकर्ता होऊन गेला, त्याने राजधानीच उचलून दौलताबादला नेली, आणि मग त्यालाही परत यावं लागलं. तेव्हा तुमचा अर्ज कितपत टिकेल ते बघा. पुण्याहून कुणी पाहुणा येऊन आपण अटकेपार झेंडे लावले असं छाती फुगवून सांगू लागला, तर मामा विचारत की झेंडा लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला रस्ता झाडायला कुणाला नेमलं होतं? पाहुणे दुखावत. एकदा यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातले एक गृहस्थ रागावून जेवताजेवता उठले, तर मामा त्यांच्यामागे हातात श्रीखंडाची वाटी घेऊन बसस्टॉपपर्यंत गेले. मत बदललं नाही, पण श्रीखंड खायला लावलं. शेवटच्या मोगलांचं राज्य दिल्लीपासून पालमपर्यंतच उरलं होतं असं म्हणतात, आणि पालम तर आर. के. पुरमच्या पलीकडेच, त्यामुळे आपण अजूनही सरहद्दीवरचे शिपाई आहोत, झोपून चालणार नाही, हे मामांचं लाडकं वाक्य होतं. ते स्वतः दुपारी दोन तास गाढ झोपत.

ऑफिसात या छंदाने त्यांचं काय भलं झालं असेल ते सांगायला नकोच. त्यांच्या एका वरिष्ठांनी स्वतःच्या केबिनच्या दाराशी दोनाचे चार चपराशी बसवले. मामांनी त्यांना मोठ्या आपुलकीने सांगितलं की रोमच्या सम्राटाच्या रक्षकांची फौज अशीच वाढत गेली, आणि एका सकाळी त्या रक्षकांनी सम्राटाला मारून सिंहासन लिलावात काढलं. वरिष्ठ हसले. त्या वर्षी मामांचं प्रमोशन राहिलं. पुढच्याही वर्षी राहिलं. मामी चिडल्या, पण त्या प्रमोशनसाठी नाही. त्यांचं म्हणणं असं की त्या माणसाला फुकट सल्ला द्यायची गरजच काय होती, बसू द्यायचे होते आठ चपराशी.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की मामा निराशावादी असतील. मुळीच नव्हते. साम्राज्यं पडली याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं; दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊन उभं राहिलेलं कधीतरी पडणारच आणि पडावंच, असं ते म्हणत. त्यांचा सगळा जीव अडकला होता तो प्रजासत्ताकात. साम्राज्य पडतं तेव्हा मोठा आवाज होतो, धूर निघतो, इतिहासकार धावत येतात. प्रजासत्ताक मात्र आवाज न करता जातं. रोममध्ये पहिला सम्राट आला तेव्हा त्याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलंच नाही. सिनेट भरतच होतं, ठराव होतच होते, सगळे वेळेवर येऊन अनुमोदन देऊन घरी जात होते. फक्त ‘नाही’ म्हणणारा माणूस येईनासा झाला होता. हे सांगताना मामांची बशी हातातच राहायची आणि चहा निवायचा. मी नवीन होते, मला वाटे हे फार जुनं काहीतरी चाललं आहे.

मग आणीबाणी आली. पहिल्या काही महिन्यांत आमच्या कॉलनीत वरवर वाईट काहीच दिसलं नाही. बसेस वेळेवर येऊ लागल्या, ऑफिसात लोक घड्याळाकडे बघून धावू लागले. पण बोलणं बदललं. आमच्या जिन्यातले एक शेजारी पूर्वी रोज सकाळी पेपर हातात घेऊन गच्चीवर सरकारला शिव्या घालत, ते आता त्याच पेपरमधलं हवामान तेवढं मोठ्याने वाचत. कुणाच्या तरी मेहुण्याला उचलून नेल्याचं कानावर यायचं, आणि सांगणारा लगेच म्हणायचा की मला काही माहीत नाही हं. हे सुद्धा घरी आले की आधी खिडकी लावून घ्यायचे आणि मग मला भाजी कुठली आहे ते विचारायचे. मामांनी मात्र आवाज एक पट्टीही खाली आणला नाही. रविवारचं रोम पूर्वीच्याच वेळेला पडत होतं. उलट, आता ते आणखी सावकाश, तपशीलवार पडू लागलं.

आमच्या भागातल्या मराठी लोकांचं एक लहानसं मंडळ होतं. गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि वर्षातून एक नाटक, एवढाच कारभार. त्याचे अध्यक्ष एका मंत्रालयात फार वरच्या जागेवर होते. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. उंच, गोरे, हसतमुख, कुणाच्या मुलाला कॉलेजात प्रवेश हवा, कुणाला दिवाळीत गाडीचं रिझर्व्हेशन हवं, कुणाला तळमजल्याचं क्वार्टर हवं, की ते एक फोन करायचे. त्यामुळे आमच्यातलं जवळजवळ प्रत्येक घर त्यांच्या उपकाराखाली होतं. आमचं लक्ष्मीबाई नगरचं अलॉटमेंटसुद्धा त्यांच्याच एका शब्दाने लवकर झालेलं. दरवर्षी सभेत त्यांचं नाव कुणीतरी सुचवायचं, टाळ्या व्हायच्या आणि चिवडा यायचा. त्या वर्षी हिवाळ्यात सभेची चिठ्ठी आली, त्यात एक नवीन विषय होता. सध्याच्या परिस्थितीत दरवर्षी निवडणुकीचा व्याप नको, म्हणून विद्यमान अध्यक्षांनाच कायम अध्यक्ष करावं, आणि निवडणुकीचं कलम तूर्त बाजूला ठेवावं.

ही चिठ्ठी वाचून मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. हे काही बोलण्याआधीच त्यांनी जाहीर केलं की आपण अध्यक्षपदासाठी उभे राहणार.

यांचा चेहरा उतरला. हे मामांवर जीव टाकणारे, पण स्वभावाने सावध. त्यांनी नाना परीने समजावलं. मंडळ म्हणजे काय, एक चिवड्याचा डबा आणि तबलजीची सोय. त्याच्यासाठी एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याशी वैर घ्यायचं? आणि दिवस कसले आहेत? विरोध केला म्हणून कुणी वर कळवलं, तर तुम्ही सरकारी नोकर, रिटायरमेंट चारसहा वर्षांवर आली आहे. ‘मामा, बिल्कुल नको,’ हे शेवटी म्हणाले. ‘ही काही देशाची निवडणूक नाहीये.’

मामांनी ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, ‘देशाची माझ्या हातात नाही रे. ही आहे.’

परत येताना स्कूटरवर हे मला म्हणाले की तू मामींना सांग, त्याच थांबवू शकतील. मला ते पटलं. दोन दिवसांनी मी बसने एकटीच आर. के. पुरमला गेले. मामी अंगणातल्या उन्हात बाजेवर लोणच्याचे मुळे वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या की पंचवीस वर्षं मी ह्यांचं रोम ऐकते आहे, मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण त्यांना सांगून ते थांबतील असं तुला वाटत असेल तर तू अजून नवी आहेस. मग माझ्या हातात मुळे देऊन त्यांनी मला दुसऱ्या बाजूने बसवलं, आणि तो विषय तिथेच संपला. मी आले होते मामांना अडवायला, आणि परत गेले ती पिशवीत लोणचं घेऊन.

सभा रविवारी दुपारी कॉलनीच्या बारातघरात होती. बारातघर म्हणजे सरकारी वसाहतीतला लग्नाचा हॉल. आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालेलं, त्यामुळे झेंडूच्या वाळक्या माळा अजून खांबांना लटकत होत्या. एरवी दिल्लीच्या थंडीत अशा सभेला लोक उन्हासाठी बाहेरच रेंगाळतात, शेंगा सोलत बसतात आणि चिवडा आला की आत येतात. त्या दिवशी सगळे आधीपासून आत बसले होते आणि एकमेकांच्या शालींची चौकशी करत होते. बहुतेकांना मामा उभे राहणार हे कळलं होतं. मामा त्यांच्या एकुलत्या एका बंद गळ्याच्या कोटात पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बायकांची बाजू वेगळी, तिथे मी आणि मामी.

चिटणिसांनी कायम अध्यक्षांचा ठराव वाचला. अनुमोदन द्यायला इतके हात वर झाले की छपरातलं कबूतर उडालं. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं की कुणाचं काही म्हणणं आहे का, आणि उत्तराची वाट न बघता वहीचं पान उलटलं. मामा उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पोहे खाताना असतो तसा. ते म्हणाले, आमचे अध्यक्ष उत्तम आहेत, त्यांनी माझीही कामं केली आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नाही. तक्रार इतकीच की ते चांगले आहेत हे आपण शेवटचं कधी ठरवलं ते कुणालाच आठवत नाही. चांगल्या माणसालासुद्धा दरवर्षी एकदा विचारावं लागतं, नाहीतर पुढे वाईट माणूस आला की त्याला विचारायची आपली सवय मोडलेली असते. रोमचं नाव त्यांनी काढलंच नाही. मला त्याचंच आश्चर्य वाटलं. मग शेवटी म्हणाले, ‘म्हणून मी अध्यक्षपदासाठी उभा आहे. हरण्यासाठी उभा आहे असं समजलात तरी चालेल, पण उभा आहे.’

बाहेरच्या रस्त्यावरचा गजकवाला, म्हणजे तिळगुळाच्या वड्या विकणारा, ओरडताना स्पष्ट ऐकू आला. अध्यक्ष हसत होते, पण हसणं चेहऱ्यावर विसरून गेल्यासारखं राहिलं होतं. चिटणिसांनी चष्मा पुसला आणि मंडळाच्या घटनेत लिहिलं आहे तेच सांगितलं, की उमेदवाराला एका सभासदाचं अनुमोदन लागतं. अनुमोदन कोण देतंय?

कुणीही दिलं नाही. मी मागे वळून यांच्याकडे पाहिलं. यांचा हात गुडघ्यावर होता आणि बोटं उचलून परत टेकत होती. ज्यांना मामांनी बसस्टॉपपर्यंत जाऊन श्रीखंड खाऊ घातलं होतं, ते गृहस्थ बुटाची नाडी बांधत होते. चिटणिसांनी दुसऱ्यांदा विचारलं. मामा उभेच होते. त्यांनी कुणाकडे वळून पाहिलं नाही, आणि मला वाटतं ते त्यांनी मुद्दाम केलं, कुणाची लाज उघडी पडू नये म्हणून.

तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला, ‘माझं अनुमोदन आहे.’

मामी उठल्या होत्या. पदर खांद्यावरून घेतलेला, हातात अजून अर्धवट विणलेला स्वेटर. चिटणीस गोंधळले. पत्नीने पतीला अनुमोदन देणं रिवाजात बसतं का, असं काहीतरी पुटपुटले. मामींनी विचारलं की माझी वर्गणी तुम्ही वेगळी घेता की नाही? घेता. मग अनुमोदनही वेगळं घ्या. आणि मग सगळ्या हॉलकडे बघून, खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, ‘ह्यांच्या रोममधलं मला ओ की ठो कळत नाही. पण ह्यांना गप्प बसवायचा अधिकार फक्त माझा आहे. तो मी कुणाला देणार नाही.’

आधी बायकांच्या बाजूला हसू फुटलं, मग पुरुषांच्या. आणि त्या हसण्यात हॉलमधलं काहीतरी सैल झालं. अध्यक्षसुद्धा या वेळी खरे हसले. मामांनी तेवढ्यात चिठ्ठ्यांवर गुप्त मतदान मागितलं, आणि अध्यक्ष म्हणाले की हो, चलो, होऊन जाऊ दे. चिवड्याचा डबा रिकामा करून त्यात चिठ्ठ्या टाकल्या. चिवडा वर्तमानपत्रावर ओतला होता, पण मोजणी होईपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही.

मामा हरले. दणदणीत हरले, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. पण त्यांच्या चिठ्ठ्यांची जुडीही चिटणिसांच्या एका हातात मावेना. हात वर करायला एक मामी सोडून कुणी तयार नव्हतं, आणि डब्यात मात्र इतक्या लोकांनी मामांचं नाव लिहून टाकलं होतं. निकाल ऐकून लोक एकमेकांकडे बघू लागले. कोण असतील हे? शेजारी बसलेला असेल का? त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं की आपल्याला वाटत होतं तितके आपण एकटे नाही. हे त्या रात्री मला म्हणाले की माझं मत मी सांगणार नाही, ते गुप्त असतं. मी विचारलंही नव्हतं. वाचून झालेला कायम अध्यक्षाचा ठराव मग मंजुरीला कुणी पुढे आणलाच नाही. ज्याची नुकतीच निवडणूक झाली त्याला कायम कसं करणार?

मामांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. लोकांना वाटलं अखेर प्रमोशन झालं. त्यांनी सांगितलं, मंडळाची निवडणूक हरलो. म्हणजे हरल्याचे पेढे? नाही, झाल्याचे.

पंधरवड्याच्या आत त्यांची बदली निघाली, थेट आसामात. ती सभेमुळे निघाली की आपोआप, हे कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि अध्यक्षांनी आमच्या घरी येऊन स्वतः सांगितलं की त्यात माझा हात नाही. त्यांच्या डोळ्यांकडे बघून मला ते खरं वाटलं. पण कुणाचा तरी हात होता. बदली रद्द करण्यासाठी अर्ज करा असं मामांना सगळ्यांनी सुचवलं. त्यांनी केला नाही. सामान बांधताना ते मला म्हणाले की सूनबाई, आसामात अहोम लोकांनी सहाशे वर्षं राज्य केलं, ते कसं बुडालं हे मला नीट माहीत नव्हतं, आता तिथेच जाऊन बघतो. मामी पेटीवर बसून कुलूप लावत म्हणाल्या की आधी तिथे डाळ-तांदूळ कुठे मिळतात ते बघा. स्टेशनवर त्यांना पोचवायला मला वाटलं होतं त्याच्या चौपट माणसं आली होती. आणि डब्याच्या खिडकीशी उभं राहून कुणीही खालच्या आवाजात बोलत नव्हतं.

आणीबाणी उठली, देशात निवडणूक झाली. मामा-मामी काही वर्षांनी रिटायर होऊन परतले आणि नोएडाला एक छोटा फ्लॅट घेऊन राहिले. मंडळाची निवडणूक तेव्हापासून दरवर्षी होते. कधीकधी दोन उमेदवार असतात, कधी भांडणंही होतात, एकदा तर पेटीवादकावरून मंडळच फुटायची वेळ आली. मामा ते ऐकून खूश व्हायचे. जुने अध्यक्ष एका वर्षी तीन मतांनी हरले आणि दुसऱ्या दिवशी मामांकडे चहाला गेले. दोघं काय बोलले ते मामींनाही कळलं नाही, कारण दोघंही नुसते गॅलरीत बसून होते.

मग बऱ्याच वर्षांनी, एका थंडीत मामी गेल्या. थोड्या दिवसांच्या आजाराने, कुणाला फारसा त्रास न देता. त्यानंतर मामांच्या घरी साम्राज्यं पडेनाशी झाली. आम्ही जायचो, मी मुद्दाम काहीतरी विषय काढायची, मामा थोडं बोलायचे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून थांबायचे आणि मग पुढचं विसरायचे. पुढल्या उन्हाळ्यात निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी मी त्यांना न्यायला गेले तेव्हा ते सकाळपासून कपडे करून बसले होते. केंद्रावर पोलिसाने ‘अंकलजी, आप आगे आ जाइए’ म्हणून सांगितलं, ते त्यांनी ऐकलं नाही. पुरुषांच्या रांगेत उन्हात उभे राहिले. मी बायकांच्या रांगेत होते. मधूनमधून ते आमच्या रांगेकडे बघत होते.

घरी येऊन त्यांनी पंखा लावला, पाणी प्यायले, आणि बोटावरची शाई बघत बसले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला इतकी वर्षं ठाऊक नव्हती. मतदान गुप्त असतं म्हणून त्यांनी आपलं मत मामींना कधी सांगितलं नाही. पण निवडणुकीच्या आधी महिनाभर घरात जी व्याख्यानं होत, त्यांवरून मामी ते बरोबर ओळखत आणि न चुकता विरुद्ध शिक्का मारून येत. वर तसं सांगतही. पहिल्या निवडणुकीपासून दोघांनी उन्हातान्हात रांगा लावल्या आणि दर वेळी एकमेकांचं मत कापून घरी येऊन एकत्र जेवले. एकदाही एकजण घरी राहिला नाही.

मी हसले. तेही हसले. मग बोट पुसायला गेले आणि पुसलं नाही.

‘आज पहिल्यांदा माझं मत मोजलं जाणार, सूनबाई,’ ते म्हणाले. ‘फार जबाबदारीचं काम झालंय हे. एकट्याला जरा जडच जातं.’